निरोगी बेटावरचा डॉक्टर

कुरामोची आमच्या बेटावर डॉक्टरकी शिकायला आला, तो सगळं आयुष्य ठरवूनच बोटीतून उतरला. "सिस्टर, मी त्वचारोगतज्ज्ञ होणार. शहरात. रात्रीचे फोन नाहीत, रविवारी सुट्टी. आमच्या वर्गात निम्म्या जणांचं हेच ठरलंय."

"मग इथे कशाला तडमडलास?"

"प्रात्यक्षिक सक्तीचं आहे ना!"

मिनागावा डॉक्टर, म्हणजे आमच्या दवाखान्याचे एकुलते एक म्हातारे डॉक्टर, खो खो हसले आणि त्याला माझ्याबरोबर घरोघरी धाडलं. "सावाए आजी लंगडतेय. मी विचारून थकलो, पाय दाखवत नाही. तू बघ."

पोरगं हुशार, पण नियमाचं पक्कं. रुग्णाकडून काही घ्यायचं नाही, असं कॉलेजात शिकवलेलं. चहा पुढे आला की हा कमरेत वाकून नको म्हणायचा आणि प्रश्न सुरू. दुखतं का? नाही. झोप लागते? छान. आमच्याकडे दुखणं दुसऱ्या कपाशिवाय बाहेर पडत नाही, हे कॉलेजला कोण सांगणार!

"तुझ्या पायगुणाने अख्खं बेट बरं झालं बघ," मी म्हटलं. बिचारा ओशाळला.

सावाए आजीकडेही तेच. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली बाई, ती ऐकते कुणाचं? "पाय? वय झालं, दुसरं काय!" असं म्हणून तिने कप पुढे सरकवला. कुरामोचीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी त्याने कप उचलला.

मग काय! चहा, मुळ्याचं लोणचं, पुन्हा चहा, वर मेलेल्या नवऱ्याच्या कागाळ्या. दोघंही पाय खाली दुमडून रीतसर बसलेले. उठायची वेळ आली तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या पायांना अशा मुंग्या आल्या, की साहेब लोणच्याच्या बशीसकट चटईवर आडवे!

आजी पोट धरून हसली. "अरे, पसर पाय! मीही पसरते. मेलं कुणासाठी एवढं अवघडून बसायचं!"

तिने पाय लांब केले. टाचेवर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या.

पोराचं हसू मावळलं. "आजी, हे कधीपासून?"

"बुडी मारताना काटा रुतला होता, तोच. त्या म्हाताऱ्या डॉक्टरला दाखवला तर कापत बसेल."

"हा काटा नाही, आजी. उद्याच्या बोटीने शहरात जायचं."

"तू कुठे अजून डॉक्टर झालायस?"

"नाही झालो. म्हणून तर मोठ्या डॉक्टरांकडे नेतो. मी येतो ना सोबत."

मला तेव्हा ते पोरगं फार आवडलं.

डाग कर्करोगाचा निघाला, पण वेळेत निघाला. टाचेचा तुकडा गेला, आजी राहिली.

कुरामोची शेवटी त्वचारोगतज्ज्ञच झाला, तोही शहरातच. रात्री त्याला फोन येत नाहीत. मात्र महिन्यातल्या एका रविवारी, त्याच्या त्या लाडक्या सुट्टीच्या रविवारी, तो बोटीने येतो, आजीसमोर पाय पसरून बसतो आणि कप हातात घेतो. त्या दिवशी अख्खं बेट आजारी असतं.