साठ ठोक्यांचा फोटो

चाचणी परीक्षेचे दिवस होते. सुरतच्या आमच्या मराठी शाळेत सातवीच्या वर्गावर मी देखरेख करत बसलो होतो. शिपाई धनजीभाई दारात आले. एरवी ते सरळ आत येतात, टेबलावर चिठ्ठी ठेवतात आणि जातात. त्या दिवशी उंबऱ्यावरच थांबले. "गुरुजी, तमारा पेला लाइटना फोटावाळा... गुजरी गया," ते हळूच म्हणाले. यंत्रमागाच्या कारखान्याला इकडे खातं म्हणतात. दुपारी पाळी चालू असताना खात्यातच, मागाशेजारी, माझा मित्र प्रल्हाद खाली बसला आणि परत उठला नाही. मी उत्तरपत्रिका कशाबशा गोळा केल्या. त्यातल्या दोनांवर नावंच नव्हती, ती नंतर अक्षरावरून लावावी लागली. आज या गोष्टीला दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण पहिलं वाक्यच सुचत नव्हतं.

प्रल्हाद धुळे जिल्ह्यातला, मी बुलढाण्याचा. आपापल्या गावी राहिलो असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. सुरतेत आमच्या खोल्या समोरासमोर. मी शिकवायचो, तो माग दुरुस्त करायचा. लग्नानंतर वर्षभरातच तो एकटा इकडे आला होता. बायको, सिंधूवहिनी, गावी सासूजवळ. नव्वदच्या सुमारास एका रविवारी चौकबाजारातल्या जुन्या सामानाच्या ढिगातून त्याने एक रशियन बनावटीचा जाडजूड कॅमेरा उचलून आणला. मला वाटलं, आता हा सगळ्यांना ओळीत बसवून फोटो काढणार. म्हणून मी दाढीसुद्धा करून ठेवली. याने पहिला सगळा रोल गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दिव्याच्या खांबावर संपवला. मी विचारलं, बाबा रे, हे काय? तर म्हणाला, "दिनभर खातामा एकच ट्यूबलाइट देखस मी, गुरुजी. बाहेर इतला दिवा शेतस, त्यासले कोन देखस?"

त्यानंतर सुटीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं सायकलींवर निघायचो. तापीच्या पुलावरचे दिवे आणि पाण्यातल्या त्यांच्या लांब रेघा, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यांच्या खिडक्यांतून दिसणारे घासणाऱ्यांच्या डोक्यांवरचे बुटके दिवे, गाळपाच्या दिवसांत चलथाणचा साखर कारखाना, त्याची उजळलेली वाफ... कॅमेऱ्यावर एक खूण होती, तिच्यावर चक्र आणलं की कळ दाबून धराल तितका वेळ आतला पडदा उघडा राहायचा. रात्रीचे फोटो असेच निघतात. मध्येच एखाद्या ट्रकचे दिवे अंगावर आले की मी शाळेतला परीक्षेचा पुठ्ठा भिंगापुढे धरायचो. माझं काम एवढंच. चुकलो की शिव्या खायचो. शाळेत पन्नास पोरांना धाकात ठेवणारा मी, रस्त्याच्या कडेला या माणसापुढे पुठ्ठा घेऊन हुकुमाची वाट पाहत उभा असायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे तो घड्याळावर मोजत नसे. ठोक्यांवर मोजायचा. मागाचा धोटा इकडून तिकडे गेला की एक ठोका, सेकंदाला साधारण दोन. पाच-सहा वर्षं ते ऐकून त्याचे कान निम्मे गेले होते, म्हणून गल्लीत फोटो काढताना तो चपला काढून ठेवायचा. आजूबाजूच्या खात्यांचे माग चालू असले की जमीन थरथरते, ते त्याच्या तळपायांना कळायचं. चलथाणला काय, पुलावर काय, तोच ताल त्याच्या डोक्यात चालू असे. पंचाईत व्हायची ती आमच्याच गल्लीत, खात्यांच्या सुटीच्या वारी. तिथे तळपायांना थरथरीची सवय, आणि पायाखाली सगळं शांत, मग याचं गणित घाईत सुटायचं आणि फोटो काळाकुट्ट यायचा. असे चार रोल वाया गेल्यावर त्याने सुटीच्या दिवशी गल्लीत कॅमेरा काढणंच सोडलं. मी माझं मनगटी घड्याळ देऊ केलं होतं. ते त्याने कानाला लावलं, हसला आणि परत दिलं.

हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. चांगला निघालेला प्रत्येक फोटो तो पाकिटात घालून गावी पाठवायचा. वहिनींनी सुरतेला यावं म्हणून. त्या येत नव्हत्या. सासूची ना नव्हती, थोरले दीर-जाऊ घरात होते. पण वहिनींच्या वडिलांनी सुरतेची धास्ती घेतली होती, आणि त्यांच्या शब्दाबाहेर त्या जात नव्हत्या. प्रल्हादला वाटायचं, एकदा हा झगमगाट पाहिला की दोघांचीही भीती जाईल. वहिनी चौथी शिकलेल्या, उत्तर स्वतः लिहायच्या. असं एक पत्र त्याने मला वाचायला दिलं होतं. "फोटो मिळाले. दिवे चांगले आहेत. पण रस्त्यावर माणूस का नाही? इतक्या फोटोत एक पण माणूस नाही." मी त्याच्याजवळ ठेवलेल्या फोटोंच्या प्रती नीट पाहिल्या. खरंच नव्हता. पडदा अर्धा अर्धा मिनिट उघडा, तेवढ्यात चालता माणूस समोरून निघून जातो आणि फोटोत उमटतच नाही. आम्हा दोघांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण आम्ही दिवे बघत होतो.

प्रल्हादने प्रामाणिकपणे कळवून टाकलं, की माणसं खूप आहेत, फक्त दिसत नाहीत. व्हायचं तेच झालं. पुढच्या महिन्यात गावाकडून आलेल्या एकाने सासऱ्यांचा निरोप जसाच्या तसा आणला, "जठे मानूस ऱ्हास पन दिसत नही, तठे पोर धाडाले मी काय येडा शे?" मला हसू आवरेना. प्रल्हाद हसला नाही. खाटेच्या कडेवर बसून राहिला. लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून पाच-सहा महिने दोघं एकत्र राहिले असतील. "आते मी काय धाडू, गुरुजी?" त्याने विचारलं. मी मनात स्वतःला चार शब्द सुनावले. मित्राचा संसार अडून बसला होता आणि मला विनोद सुचत होता.

त्या वर्षीच्या गणपतीत त्याने ठरवलं, माणसांसकट फोटो काढायचा. आमच्या गल्लीच्या मंडपाला रंगीत बल्बांच्या माळा, कमानीवर ट्यूबलाइटी. संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी तो समोरच्या ओट्यावर लोखंडी घडवंचीवर कॅमेरा मांडून, चपला काढून उभा राहिला. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना थोपवायचं काम माझ्याकडे. मी आपला शाळेतला आवाज लावला आणि "सावधान" म्हणालो. सुटलेले कामगार डब्यासकट थांबले, पाळीवर चढणारे पिशवीसकट थांबले. ओडिशाकडचे चौघं होते, त्यांना कोणीतरी हाताने खूण करून समजावलं. आरतीच्या बायका ताटं धरून उभ्या राहिल्या. एवढ्यात खात्याचे शेठ स्कूटरवरून आले आणि म्हणाले, "अल्या, आ बधा ऊभा केम छे?" कोणी उत्तर देईना, कारण तोंड हलवायची बंदी होती. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, स्कूटर बंद केली आणि एक पाय जमिनीवर टेकवून तेही तसेच राहिले. साठ ठोके. अर्धा मिनिट म्हणजे काही फार नाही, पण अख्खी गल्ली अर्धा मिनिट गप्प उभी आहे आणि मागे फक्त माग चालू आहेत, असं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. प्रल्हादचे ओठ हलत होते. पन्नासच्या पुढे कुठेतरी मला शिंक आली.

फोटो सुरेख निघाला. माणसं ओळखू येत होती, शेठ तर दगडात कोरल्यासारखे. एक गाय मधून गेली होती, तिचा पांढरा पट्टा तेवढा उमटला होता. सगळ्यांना सावधान करणाऱ्या गुरुजींना मात्र दोन नाकं आली होती. ती नाकं प्रल्हादने पुढे वर्षानुवर्षं लोकांना बोट ठेवून दाखवली. फोटो गावी गेला आणि दिवाळीच्या आधी सिंधूवहिनी एक पेटी आणि एक गाठोडं घेऊन स्टेशनवर उतरल्या. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला प्रल्हाद ती गोष्ट सांगायचा, मी माणसं उभी केली म्हणून सिंधू आली. प्लेगच्या साथीच्या वर्षी अर्धं सुरत गाठोडी बांधून गाड्यांना लटकलं, तेव्हाही ही दोघं हलली नाहीत. ओस पडलेली गल्ली, सगळे दिवे लागलेले. मी म्हटलं, काढ की फोटो. तो म्हणाला, "आते खरंच मानसे नही, गुरुजी. मी काय काढू?" कॅमेरा महिनाभर पेटीत होता.

तेराव्याच्या दिवशी वहिनींचा भाऊ त्यांना न्यायला आला होता. मूलबाळ नाही, नातेवाईक सगळे तिकडे, त्याचं म्हणणं रास्तच होतं. "आठे तुनं कोन शे?" तो परत परत विचारत होता. वहिनी म्हणाल्या, "तू जाय, भाऊ. मी आठेच ऱ्हासू." मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, मी कोनता फोटो देखीसन उनू, माहीत शे ना तुमले?"

"माणसांचा. तो पाहूनच तुम्ही आलात," मी म्हणालो.

"तोच. पन मानसेसकरता नही उनू. सासू बोलनी, देख, कितला मानसे शेतस, आते भेव नही. मी फोटो दोनदा देखा. बठ्ठी गल्ली उभी व्हती. तुम्हीन व्हतात, शेठ व्हता, गाय बी व्हती. यासनाच पत्ता नही. बठ्ठा एकमेकसना जोडे, अन् हाऊ मानूस समोर कॅमेरा लिसन एखला. मी तव्हयच गाठोडं बांधं. बापले इचारं बी नही."

मी विचारलं, प्रल्हादला हे कधी सांगितलं नाही?

"काब्र सांगू? जो येस त्याले तो फोटो दखाडेत, कितला खूश व्हयेत," त्या म्हणाल्या. भाऊ संध्याकाळच्या गाडीने एकटाच गेला.

मला फार वाईट वाटलं, आणि कुठेतरी बरंही वाटलं. गल्लीत त्या सगळ्यांबरोबर उभा असताना समोरचा माणूस एकटा आहे, हे माझ्यासारख्या शेजाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. प्रल्हादचा धड असा एकही फोटो घरात नव्हता. खात्याच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणलाय, थोडा धुरकट आहे. तो एका भिंतीवर लावलाय. बरोबर त्याच्या समोरच्या भिंतीवर, त्याच उंचीवर, गल्लीचा फोटो. वहिनींनी चहा आणला. मी खुर्ची खोलीच्या मध्यभागी ओढून बसलो होतो. कप हातात देऊन त्या थांबल्या, एकदा इकडच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा तिकडच्या.

"गुरुजी, जरा सरका," त्या म्हणाल्या. "मधमा बसू नका."

मी खुर्ची उचलून बाजूला घेतली.