इंदाय म्हणायचं नाही

आमच्या इथल्या आखातातल्या, अबू हमूरच्या घरात मी एका शब्दावर बंदी घातली, त्याला वर्ष होऊन गेलं. माझा माझ्यावरचा राग अजून जात नाही.

लेकीला सांभाळायला फिलिपिन्समधल्या इलोइलोची बाई होती. ती माझ्या पाच वर्षांच्या कार्टीला 'इंदाय' म्हणायची. मी मराठीत घसा फोडला तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी ही पोर, त्या हाकेला मात्र धावत सुटायची. मी ऑफिसात हे कौतुकानं सांगितलं, तर मनिलाची सहकारी फिस्सकन हसली. "अगं, आमच्याकडे इंदाय म्हणजे मोलकरीण! टीव्हीवरच्या विनोदी मालिकांत हमखास असते."

झालं! माझं डोकंच फिरलं. माझ्या मुलीला मोलकरणीची हाक? घरी आल्या आल्या, पर्ससुद्धा खाली न ठेवता मी बाईला सुनावलं, "मेडला म्हणतात तसलं काही माझ्या मुलीला म्हणायचं नाही. खलास."

ती समजावू लागली, "मॅम, ते मनिलात. आमच्या बेटांवर आई लेकीला इंदाय म्हणते, मोठी बहीण धाकटीला म्हणते. सेबूकडे तर नुसतं 'दाय' म्हणून दुकानातल्या अनोळखी मुलीलाही हाक मारतात. माझी मुलगी तिकडे आजीपाशी असते, तीही माझी इंदायच." मग हळूच म्हणाली, "आणि मेड तर मीच आहे ना, मॅम?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, म्हण, म्हण, खुशाल म्हण," मी घाईघाईनं सारवासारव केली.

"ओके, मॅम."

पण त्या दिवसापासून ती लेकीला 'मिस' म्हणायला लागली. मी दहादा सांगून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी चिडलेसुद्धा. म्हणजे बघा, वर तोंड करून चिडणारी परत मीच! ती एकदाची भांडली असती तर बरं झालं असतं. पण नाही. ओके मॅम, ओके मॅम.

एका शुक्रवारी ती चर्चमधून आली आणि खोलीचं दार लोटून तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. आतून आवाज आला, "इंदाय!"

हॉलमध्ये चित्र रंगवत बसलेली माझी लेक हातातला खडू टाकून पळत सुटली. दार ढकलून म्हणाली, "येस! आय ॲम हिअर!"

बाईनं फोनमधल्या मुलीकडे बघितलं, मग दारातल्या मुलीकडे.

"एक मिनिट हं, मिस," ती म्हणाली.