खिळ्यावरची क्लचप्लेट

आमच्या नांदेडच्या घराच्या व्हरांड्यात, चपलांच्या स्टँडच्या वर एक खिळा आहे. त्याला आठ महिने एक जळकी क्लचप्लेट टांगलेली होती. येणारा-जाणारा विचारायचा आणि माझे यजमान मोठ्या हौसेनं सांगायचे, "आमच्या मॅडमची कमाई."

मॅडम म्हणजे मी. शाळेत गणित शिकवते. गाडी शिकले पंचेचाळिसाव्या वर्षी आणि तीही ह्यांच्याकडूनच. गाडी चौदा वर्षांची जुनी, पण घरात मुलीच्या खालोखाल तिचाच लाड. मैदानावर हे शेजारी बसायचे आणि गिअर पडला रे पडला की ओरडायचे, "डावा पाय खाली!" म्हणजे क्लचवरून काढून खाली टेकव. महिनाभर रोज तेच. पुढं मी मुदखेडच्या शाळेला गाडी न्यायला लागले, तरी रविवारी बरोबर असले की ह्यांची नजर रस्त्यावर कमी आणि माझ्या पायावर जास्त. शेवटी एकदा म्हणाले, "आता बघायची गरज नाही. पाय पक्का झाला तुझा." बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला, खोटं कशाला बोलू.

मग गाडी चढावर ओढेना. इंजिन नुसतं बोंबलायचं, वेग वाढायचा नाही आणि जळका वास सुटायचा. गाडी ह्यांच्या शाळासोबत्याच्या गॅरेजला गेली. त्यांना मी भाऊजी म्हणते. आमच्याकडे मिस्त्री लोकांची एक रीत आहे. नवा पार्ट टाकला की जुना कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे बदलल्याची खात्री पटते. भाऊजींनी तशी प्लेट ह्यांच्या हातात दिली आणि हसत म्हणाले, "वहिनी क्लचवर पाय ठिवून राहिल्या. बायकांचं असंच ऱ्हातं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं.

"हाव ना," हे म्हणाले, "मी तर सांगून सांगून थकलो."

दुसऱ्या दिवसापासून मी बसनं शाळेला जाऊ लागले. ह्यांनी का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. वाईट याचं वाटतं, की हळूहळू माझी मलाच शंका यायला लागली. स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता मी आपल्या डाव्या पायाकडे बघत बसायची.

आठ महिन्यांनी भाचीच्या साखरपुड्याला माहेरी लातूरला निघालो. गाडी हेच चालवत होते. अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर इंजिन पुन्हा बोंबललं, पुन्हा तोच वास. आठ महिने माझा पाय त्या गाडीत नव्हता. मी काच खाली केली.

"पेट्रोलच खराब असेल," हे म्हणाले.

लातूरला माझा भाऊ आम्हाला त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. त्यानं आधी काहीच खोललं नाही. हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन तिथंच बंद पडायला पाहिजे होतं. ते आपलं चालूच.

"प्लेट गेली, दाजी."

हे उसळले. "आठ महिन्यांखाली बदललीय! जुनी दाखवतो की." आणि खरंच डिकीतून ती प्लेट काढली. माझ्या भावाला दाखवून चार माणसांत हसायला बरोबर आणली होती. ते मला तिथं कळलं.

मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. आतली प्लेट तेलानं काळी, चिकट झालेली. त्यानं बोट फिरवून मला दाखवलं. "ताई, इंजिनाचं मागचं सील गळायलंय. तेल उतरलं की प्लेट घसरतीच. पायाचा काय संबंध न्हाई. अन् ही तर कंपनीतनं आलेलीच प्लेट हाय, बदलली न्हाई कुणी. केबल ढिली करून दिली आसंल, त्याच्यावर काही महिने निभावतंय." मग ह्यांच्या हातातली प्लेट घेऊन त्यानं ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर घालून बघितली. मधलं भोक मोठं. प्लेट सैल लोंबकळत राहिली.

"ही जीपची हाय, दाजी."

कुठल्या तरी जीपची प्लेट आठ महिने माझ्या नावानं टांगली होती!

नवी प्लेट, नवं सील बसलं. परतताना मी विचारलं, "माझा पाय पक्का झाला, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"लहानपणापासूनचा मित्र आहे तो. त्याच्यासमोर काय बोलणार?"

भाऊजी खोटं बोलले, याचा राग आलाच. पण त्यांनी माझा पाय कधी बघितला नव्हता. ह्यांनी बघितला होता, रोज, महिनाभर. फसवलं ते ह्यांनी.

घरी आल्यावर हे प्लेट भंगारात टाकायला निघाले. मी ती घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगतात, ते मला ऐकायचं होतं.

रविवारी भाऊजीच आले. ह्यांना बोलायला वेळ मिळावा म्हणून मी चहा मुद्दाम मंद गॅसवर ठेवला. बाहेर क्रिकेट झालं, उसाचं झालं, कुणाच्या तरी बदलीचं झालं. चहा घेऊन आले तर भाऊजी प्लेटकडे बोट करून म्हणाले, "काय वहिनी, सुधरला का न्हाई पाय?"

आणि हे हसले. कसनुसं का होईना, पण हसले.

मी ट्रे ठेवला, प्लेट काढली आणि भाऊजींच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची, भाऊजी. लातूरला घालून बघितली. आमच्या गाडीला बसत नाही."

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे ट्रेमधल्या चहाकडे बघत होते.

मी टीव्हीजवळची किल्ली घेतली. गेटपाशी पोचले तेव्हा हे मागून धावत आले. "थांब, मी बसतो शेजारी."

"आता बघायची गरज नाही," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.