मेंटरं आणि मेंढरं

आमच्या युवा नेतृत्व कार्यक्रमाचे किस्से फायलीला लावायचे म्हटले, तर कपाट पुरायचं नाही. आज हसत हसत सांगतो, पण घडताना तोंडचं पाणी पळालेलं असतं! यंदाचा मेंटरभेटीचा पहिला दिवस तसाच गेला.

* * *

पडेगावच्या हॉलवर सकाळी दहाला प्रत्येक मुलामुलीसमोर एक मेंटर बसवायचा होता. दहाला मुलं सगळी हजर. मेंटर चार!

"बाकीचे कुठायत?" मी हॉल सांभाळणाऱ्या शेखभाईंना विचारलं.

"आ रे, साब. मुकुंदवाडीसे निकले बोलके तीन बार फोन आया."

पावणेअकराला बाकीचे पोचले, तोवर मी हाताची सगळी नखं खाल्ली होती.

* * *

एका मेंटर सरांनी समोरच्या मुलाला ठरलेला प्रश्न टाकला, "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघतोस?"

"तुमच्या खुर्चीत, सर!"

सर उठले. मला वाटलं, निघाले हे आता.

"आत्ताच बस बाबा. माझी कंबर मोडलीय!"

* * *

पिशोरच्या सुनीताचा अर्ज आमच्याकडं आलेला सगळ्यात चांगला अर्ज. घरी मेंढ्या, शिक्षण बारावी, आणि लिहिणं असं की आम्ही तो दोनदा मोठ्यानं वाचला. ती आली ती वडिलांना घेऊन. भीमराव काठी घेऊन पहिल्याच रांगेत बसले.

"दर महिन्याला दोन दिस पोरगी हितं ऱ्हानार म्हनं. आज बघतो, मग ठरवितो," त्यांनी मला बजावलं.

मी त्यांना तीनदा पाणी विचारलं.

* * *

सुनीताच्या मेंटर कुलकर्णी मॅडम. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर, शिस्तीच्या कडक. तासाभरानं त्यांनी मला बाजूला घेऊन कागद दाखवला. 'गप्प बसते. आत्मविश्वास कमी.'

"मान हलवते फक्त. ही टिकायची नाही हो," त्या म्हणाल्या.

* * *

जेवणाची ताटं मांडत होते, तेवढ्यात भीमराव माझ्याकडं आले.

"सायेब, मेंढरं कवा वाटनार?"

"कसली मेंढरं?"

"पोरगी म्हनली, परतेकाला एक एक मेंढरू भेटनार."

"मेंटर, भीमराव! मेंटर! मार्गदर्शन करणारी माणसं."

"म्हंजे मेंढरं नायत?"

"नाहीत."

"सुने, पिशवी उचल."

सुनीतानं मुकाट्यानं पिशवी उचलली.

* * *

गेटपाशी कुलकर्णी मॅडमनी दोघांना गाठलं. कागद हातातच होता.

भीमरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं काम काय, बाई?"

"हिच्याकडं लक्ष ठेवायचं. वर्षभर."

"आन आनखी किती पोरं?"

"दुसरं कुणी नाही. ही एकटीच."

"एकीमागं एक मानूस?" भीमराव काठी टेकून थांबले. "लई झालं की!"

मग त्यांनी सुनीताच्या हातातली पिशवी काढून मॅडमच्या हातात दिली.

"दुसऱ्याच्या कळपात जनावर सोडायचं, तर खूण सांगावी लागती. लिवून घ्या. भुकेली असली की ही गप बसती."

मॅडमनी पेन काढलं, कागदाकडं बघितलं आणि तशाच थांबल्या.

"सुनीता, सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

"नाय," सुनीता म्हणाली.