केसातला आकडा

ही गोष्ट माह्या तोंडून अजून कोणाच्या कानावर गेली नाही. नवऱ्याले अर्धी माहीत हाय, वामन मिस्त्रीले सारी माहीत हाय — पण मी सांगतली कोणालेच नाही. आज सांगून राह्यली. अन् पहिलेच बोलून ठेवते, मी रडणार नाही. बाईचं रडणं ऐकाचं असन तं दुसरं घर पाहा.

मले गाडी खोलता येते. इथूनच सुरुवात करते, कारण ह्याची मले लाज नाही. वरवट बकाल गावात आमची जुनी काळीपिवळी जीप होती. आमचे मालक, म्हणजे माहे नवरे, ती चालवत. बाजाराच्या दिवशी सवारी, अन् हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बाया घेऊन वावरात. चालवाचं काम त्यायचं, खालून पाहाचं काम माहं. नट कोणत्या अंगानं ढिला होते, हे मालकाले आजही मलेच इचारा लागते. घरामागं कडुनिंबाखाली मी माह्या हातानं खड्डा खंदला, त्याच्यावर जीप उभी करायची, अन् खाली बारदाना टाकून मी उताणी. हेच आमचं गॅरेज. शटर नाही, पाटी नाही.

शिकवलं कोणं? वामन मिस्त्रीनं. स्टँडजवळच्या बाभळीखाली बसत, बोलावलं की पेटी घेऊन घरी येत. एकदा क्लचच्या कामाले आले, तं मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी होती. मी इचारत गेली, ते सांगत गेले. दुसऱ्या खेपीले म्हणे, तूच जाय खाली, माहे गुडघे दुखतात. तिसऱ्या खेपीले नुसते खाटेवर बसून चहा पेले अन् म्हणाले, "पोरी, तुह्या हाताले समज हाय. गाडी तूच पाहात जाय. फक्त लोकाईले माहं नाव सांगत जाय, बाईनं खोललेल्या गाडीत कोणी बसणार नाही." जाता जाता उंबऱ्यात थांबले अन् आणखी एक सांगतलं. पिन जुनी घालू नको. जिथून पिन निघाली, तिथं नवीच.

म्हणजे पाहा — त्यायनं मले आपलं नाव दिलं. असंच, चहा पेता पेता. तुमी द्याल का कोणाले?

दोन-तीन वर्षं आमचं झकास चाललं. गाडी चांगली पळाली की स्टँडवर लोकं म्हणत, वामन मिस्त्रीचा हात लागला का गाडी बोलते. मी घरात भाकरी थापता थापता ते ऐको. राग येई? येई ना! माहे हात काळे, अन् नाव त्यायचं. मालकाले म्हणो, एक दिवस सांगूनच टाकते. ते म्हणत, "काऊन पोटावर पाय देतं आपल्या?" पण मनात होतंच — हे हात माहे हायेत.

आता त्या सकाळवर येते. येते हो, जरा दम धरा.

पौषातली थंडी होती. सातपुड्याकडून वारा सुटला की आमच्याकडं लोखंडाले हात लावाची सोय राहात नाही. स्टेरिंग आठ दिवसांपासून खेळत होतं — इकडं फिरवा, चाक तिकडं जाई. टायरॉडचा, म्हणजे स्टेरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, एक सांधा घासला होता. नवा सांधा आणला होता. झुंजूमुंजू होताच मी खड्ड्यात उतरली. काठावर पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, शेक पेटवला, बोटं शेकाची अन् पाना धराचा. आमच्या भागातलं पाणी खारं, नट असा गंजला होता का सोडता सोडेना. हातोडी मारून मारून सोडवला. नवा सांधा बसवला, नट आवळला. राह्यली पिन.

ती पिन काय असते ते सांगते. नटाले खाचा असतात अन् सांध्याच्या बोल्टाले आरपार भोक. त्या भोकातून पिन घालाची अन् तिचे दोन्ही पाय वाकवून टाकाचे. बस. मंग नट जन्मात सुटत नाही. जुनी काढतानाच तुटली होती, नवी एकच होती. बोटं बधिर झालेली, ती निसटली अन् खड्ड्याच्या मातीत गेली. मी चाचपली. नाही सापडली. वरतून बायांचा आवाज — "वैनी, झालं का वो? ऊन निंघालं!" भाकरीची फडकी घेऊन अकरा बाया फाटकाशी उभ्या होत्या. मालक चाबी घेऊन येरझारा घालून राह्यले होते.

मी डोक्याले हात लावला, अंबाड्यातला आकडा काढला, अन् तो त्या भोकात घातला. पाय वाकवले. बसला बी मस्त. म्हतलं, संध्याकाळी पिन आणू अन् बदलू.

संध्याकाळी नाही बदलला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. थंडीवर ढकलू का? नाही ढकलत. थंडी सकाळी होती. दुपारी चांगलं ऊन पडे, अन् मी उन्हात गोधडीले टाके घालत बसली होती. पिनेचं दुकान चार पावलांवर होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वावराच्या रस्त्यावर स्टेरिंग मालकाच्या हातात नुसतंच फिरलं. जीप नालीत जाऊन आडवी झाली. गाडी हळू होती म्हणून जीव वाचले सगळ्यांचे. पण कमलचा उजवा हात जीपखाली आला. कमल आमच्या शेजारची, वेचणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती.

मी पळत गेली तवा कमलले दवाखान्यात नेलं होतं. तिची एक चप्पल रस्त्यावर पडून होती. लोकं जमले होते, अन् सगळ्याईच्या तोंडी एकच — मिस्त्री कुठी हाय? बोलवा त्याले! मिस्त्री आले, गुडघ्यावर हात ठेवत नालीत उतरले, चाकापाशी वाकले. नट गायब होता. भोकात काहीतरी अडकून होतं, ते त्यायनं चिमटीत धरून काढलं. तुटलेला अर्धा आकडा. त्यायनं तो पाह्यला, मंग माह्या अंबाड्याकडं पाह्यलं. अन् मूठ झाकून घेतली.

दुसऱ्या कोणालेच दिसलं नाही. मले दिसलं.

"ह्या कामाले मी हात लावला नाही," मिस्त्री म्हणाले. एवढंच.

गर्दीतला एक जण वरडला, "मंग कोणं लावला? वैनीनं खोललं का स्टेरिंग?"

हसले हो सारे! खदाखदा हसले. कमलची चप्पल तिथंच पडलेली, अन् लोकं हसून राह्यले. मालक आपल्या पायाकडं पाहात उभे. मिस्त्री माह्याकडं पाहात उभे, मूठ झाकलेली. अन् मी — मी पदर तोंडाले लावला.

मी हासली.

हेच ते. गप्प राह्यली असती तं भेली म्हतलं असतं. पण मी हासली, आवाज काढून, सगळ्याईसंगं. बाईले काय जमते, ह्याच्यावर ते हासत होते. माहाच अपमान होता तो, अन् मी त्याच्याच आडोशाले जाऊन बसली. काऊन? धंदा बसला असता म्हणून? असं मी मालकाले सांगतलं. खरं ते नाही. खरं हे का "बाईच्या हाताचं काम, असंच होणार" हे वाक्य मले कोणाच्या तोंडून ऐकाचं नव्हतं. माह्या हाताचं नाव राखाले मी मिस्त्रीचं नाव बुडवलं.

मले मिस्त्रीचा राग बी आला. हो, राग! काऊन नाही उघडली मूठ? दाखवाचा होता ना आकडा, कराची होती ना माही फजिती! तो राग मी लय दिवस पोसला. सोयीचा होता.

लोकं म्हणाले, मिस्त्रीनं काम बिघडवलं अन् वरतून खोटं बोलला. त्याच्यानंतर मिस्त्रीकडं कोणी गाडी नेली नाही. ज्याईच्या गाड्या त्यायनं वीस-वीस वर्षं सांभाळल्या, त्याईनं बी नाही. आता बाजाराच्या दिवशी सायकलीचे पंक्चर काढतात. मी समोरून गेली तं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहात राहतात.

अन् मी? माहं झकास हाय. जीप इकली, पण बायांच्या स्कूट्या दुरुस्त करता करता लोकाईच्या कारी माह्या खड्ड्यावर याले लागल्या. आता कोणी हासत नाही. शाळेत बोलावून शाल बी दिली. शाळेच्या बाईंनी माइकवर इचारलं, "हे काम किती वर्षांपासून करता?" मी म्हतलं, तीन. जो इचारते त्याले मी तीनच सांगते. बरोबर मोजलं असतं तं आकडा त्या हिवाळ्याच्या मागं गेला असता. गावात कोणालेच मोजावं वाटलं नाही, हे माहं नशीब.

हातावर मले आजही गर्व हाय. तो मी सोडणार नाही, कोणी काही म्हणो. स्टेरिंग खोललं ह्याची लाज नाही. पिन राह्यली, ती चूक. हासली, ते पाप. ह्या दोन गोष्टी मी एकात एक मिसळू देणार नाही.

गेल्या हप्त्यात एका कारचं स्टेरिंग आलं. तोच खड्डा, तीच थंडी, काठावर पराट्यांचा शेक. शेकाजवळ कमल बसली होती. तिचं मनगट वाकडंच जुळलं. वेचणी जमत नाही, म्हणून हिवाळ्यात ती माह्याकडं येऊन बसते, पाने हातात देते. मी खालून हात वर केला, तिनं त्या वाकड्या हातानं नवी पिन माह्या तळव्यावर ठेवली. अन् म्हणे, "तू तवा हे काम करत असती ना बाई, तं माहा हात असा नसता झाला."

मायेनं म्हणाली. खरंच मायेनं.

मी पिन घातली, पाय वाकवले, अन् तिले म्हतलं, चहा ठेव.

तवाही मीच करत होती. त्या सकाळी स्टेरिंग मीच खोललं होतं, आकडा माह्या केसातला होता, वामन मिस्त्रीनं त्या गाडीले बोट लावलं नव्हतं. हे मी काल रातीच नाव घालून लिहून ठेवलं, अन् कागद घरातच, चहाच्या डब्याखाली ठेवला हाय.

माह्या घरी चहा कमलच करते. ती सातवी शिकली हाय, तिले वाचता येते.