समुद्राचं पाणी बंद झालं तेव्हा

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मागून लाज. नातवंडांना सांगताना मी माझा भाग जरा गाळते. इथं गाळणार नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. तेव्हाची मी म्हणजे दोन स्टार, कडक इस्त्री आणि छताखालीसुद्धा गॉगल. गुन्हेगार मी चेहऱ्यावरून ओळखते, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवरची माणसं दोन जीप करून समुद्रकाठचं राष्ट्रीय उद्यान बघायला गेली होती. पहाटे परतली तर एक जण कमी. "धाकट्या भावाबरोबर गेलता. दोघांचं विहिरीवरून वाकडं हाय," खबऱ्या म्हणाला. मी खून ठरवून मोकळी झाले.

दहा वाजता तो धाकटा भाऊ स्वतःच मिसिंगची नोंद द्यायला आला. तिशीतला शेतकरी. बरोबर घरीच राहिलेली भावजय. मला तर वाटलं, आरोपी चालतच आला.

"शेवटचं कुठं पाहिलंस?" माझ्याहून मोठ्या माणसाला मी सरळ अरेतुरे केलं.

"तितंच. दुपारी समुद्र मागं सरला, तसं गाईडनं आमाला आत चालवत नेलं. खडकात तारामासे, खेकडे, एक ऑक्टोपस बी दावला. मग शिट्टी मारली, सगळे फिरले. दादा म्हणला, पाणी बंद झालंय, आता लगीच सुटत न्हाय. जरा पुढं जाऊन येतो."

"समुद्राचं पाणी कोण बंद करतं रे?"

"मला काय ठावं मॅडम. दादा म्हणला."

"आणि तू त्याला टाकून आलास."

"वाटलं, दुसऱ्या जीपमधी बसला आसंल. आमी बोलत न्हवतो, म्हणून बघितलं न्हाय."

इतकं वेडगळ उत्तर खोटारडाच देणार, हा माझा सिद्धांत. तेच प्रश्न उलटसुलट करून मी दोन तास जबाब घेतला. तो तेच सांगत राहिला आणि मधूनमधून दाराकडं बघत राहिला. दारात भावजय बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. उद्यानाला एक फोन करावा, हे मला काही सुचलं नाही.

जबाब ऐकत उभे असलेले हवालदार शेवटी बोलले. जवळजवळ माझ्या वयाएवढी त्यांची नोकरी झालेली. त्यांनी भावाला एकच विचारलं, "थोरला काम काय करतो?"

"कालव्यावर पाटकरी हाय. चाऱ्यांचं पाणी शेतोशेत वाटून देतो."

हवालदार माझ्याकडं वळले. "मॅडम, ह्यो खोटं बोलत न्हाय. पाटकऱ्याला पाणी म्हंजी आवर्तन, पाळीपाळीनं सुटणारं. एकदा बंद झालं की पंधरा दिस बिनघोर. भरती त्याला काय म्हाईत?"

"म्हणजे बुडाला."

"न्हाय. पाणी अचानक सुटलं तर पाटकरी माघारी पळत न्हाय. मागची चारी, म्हंजी मागचा पाट, आधी भरून जातो, हे त्याला ठावं आसतंय. तो जवळचा उंचवटा गाठतो अन् तितंच बसतो."

मी उद्यानाच्या कार्यालयाला फोन लावला. किनारा राहू द्या, आत समुद्राच्या बाजूला उंच जागा आहे का? आहे, म्हणाले. खारफुटीच्या जंगलापलीकडं बेट, त्यावर पक्षी मोजायचा लाकडी मनोरा. होडी पाठवतो.

दोन तास गेले. भावजयीनं चहाला हात लावला नाही. फोन वाजला तेव्हा मी रिसीव्हर भावाच्या हातात दिला. थोरल्याला कार्यालयात आणलं होतं. मधली ओहोटी अंधारात आली, चिखलातून यायचं धाडस झालं नाही, म्हणून तो मनोऱ्यावरच थांबलेला. आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू येत होता.

"कोण, बारक्या का?"

"व्हय."

"माझी चप्पल वाहून गेली. न्यायला येताना एक जोड आण."

"आणतो," भाऊ म्हणाला आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. गॉगलचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.

परक्या मुलखातही माणूस आपल्या कामाच्याच डोळ्यांनी बघतो. पुढं प्रत्येक मिसिंगच्या नोंदीत मी आधी हरवलेल्याचं काम विचारलं, वैर मागाहून.

माफी मागायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं. गेल्या वर्षी त्या वस्तीवर गेले. धाकट्यानं पेरू कापून पुढं ठेवले.

"तुमी खोदून खोदून इचारलं मॅडम, म्हणून दादा घावला."

मी म्हटलं, "विचारलं ते हवालदारांनी. मी तर तुम्हाला आत टाकायला निघाले होते."

बाजेवर बसलेला थोरला हसला. "ते आमाला तवाच कळलंतं. पेरू खावा."