वितीचं माप

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या शिंदेबाई जाता-येता लेकीसाठी स्वेटर विणतात. प्रवासाचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून मीही पुस्तक आणतो, पण दुसऱ्या पानावरच डोळा लागतो. आज जाग आली तेव्हा बाई होत आलेला स्वेटर उसवत होत्या.

"काय झालं?"

"लहान पडला. मी निघते तेव्हा ती झोपलेली, पोचते तेव्हाही झोपलेली. झोपेतच पाठीवर वीत ठेवून माप घेतलं होतं. तोवर वाढली."

मागच्या थंडीतही हीच लोकर त्यांनी अशीच उसवली होती. बसमध्ये वाचवलेला वेळ कुणाच्याच घरी पोचत नसावा. मी धागा गुंडाळू लागलो.

"या खेपेला दोन बोटं जास्त धरते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पहिला टाका घातला.